ओढ्याकाठी रिव्हर बर्च लावू की वाळुंज?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यात भोगावती नदीला मिळणाऱ्या ओढ्याच्या कडेला तुमचं शेत आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत वळणावरचा काठ ढासळला आणि उसाच्या काही सऱ्या ओढ्यात गेल्या. आता तिथं झाडं लावायची आहेत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात राहणाऱ्या तुमच्या लेकीनं घरामागच्या ओहोळाकाठचा फोटो पाठवलाय. त्यात कागदासारखी साल सुटणारं, तांबूस-पांढरट खोडांचं झाड दिसतंय, रिव्हर बर्च. ते पाण्याकाठचंच झाड आहे, माती धरून ठेवतं, तर त्याचं बी किंवा रोप आणून आपल्याकडे लावता येईल का? आणि लेकीला तिकडे आणखी दोन लावायची आहेत, तर तिनं काय सांभाळावं?

आधी उत्तर देतो. लेकीला लावू द्या, तिच्या ओहोळाला याहून चांगलं झाड शोधून सापडणार नाही. तुमच्या ओढ्याला मात्र वाळुंज, हे आपल्याच नद्यांकाठचं देशी झाड, लावा. आणि तो पावसाळ्यात लावू नका, पूर ओसरल्यावर लावा. आपल्याकडे झाड म्हटलं की जून-जुलै हे इतकं डोक्यात बसलंय, की ओढ्याकाठची निम्मी रोपं मुळं धरण्याआधीच ऑगस्टच्या पाण्यात वाहून जातात. पूर ओसरल्यावरच का लावायचं, हे गंमत म्हणजे त्या बर्चकडे पाहूनच चांगलं कळतं. म्हणून आधी त्याच्याबद्दल.

रिव्हर बर्च, शास्त्रीय नाव बेटुला नायग्रा, हे अमेरिकेच्या पूर्व भागातलं देशी झाड. वर मिनेसोटा आणि न्यू इंग्लंडच्या दक्षिण भागापासून खाली उत्तर फ्लोरिडा आणि पूर्व टेक्सासपर्यंत नद्यांच्या गाळाच्या जमिनीत ते आपसूक वाढतं. उंची साधारण १५ ते २५ मीटर. तरुणपणी साल दालचिनीच्या आणि फिकट गुलाबी रंगाच्या पापुद्र्यांनी सुटते, म्हातारपणी खोड काळपट आणि खरबरीत होतं. पानं पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची, दुहेरी दात्यांची, खालून फिकट. बर्चच्या जातीत उन्हाळा सगळ्यात जास्त सोसणारं झाड हेच. बाकीच्या बर्चना खोड पोखरणारा एक भुंगा तिकडे बरेचदा मारतो, हे त्याला पुरून उरतं.

पण माझ्या मते या झाडाचा खरा गुण त्याच्या बियांत आहे. बर्चच्या इतर बहुतेक जातींचं बी शरद ऋतूत पिकतं. याचं पिकतं वसंत सरता सरता, मे-जूनच्या सुमाराला. तिकडच्या नद्यांना हिवाळ्याच्या अखेरीस आणि वसंतात पाणी येतं. ते उतरू लागतं तेव्हा काठावर ताजा गाळ उघडा पडतो. ओला, गवत नसलेला, वर लख्ख ऊन. नेमक्या त्याच दिवसांत बर्चचं बारीक पंखांचं बी वाऱ्यानं आणि पाण्यानं तिथं येऊन पडतं आणि लगेच रुजतं. त्याला अंधारात पुरून घेणं चालत नाही, उजेड लागतो आणि सावलीत तर ते तगच धरत नाही. तिथून पुढे अख्खा उन्हाळा पाणी खाली खाली जात राहतं आणि रोपाचं मूळ त्याच्या मागोमाग उतरत राहतं. पुढच्या पुरापर्यंत त्याच्या हाती आठ-नऊ महिने असतात. तेवढ्यात ते काठ धरतं.

आता आपल्या वाळुंजाकडे बघा. सॅलिक्स टेट्रास्पर्मा, विलोच्या कुळातलं आपलं देशी झाड. पंचगंगा, भोगावती, दूधगंगा, वेदगंगा यांच्या काठानं फिरलात तर अजूनही दिसतं. अरुंद भाल्यासारखी पानं, वारा आला की खालची रुपेरी बाजू वर येते आणि झाड लांबूनच ओळखू येतं. बाकीची झाडं उन्हाळ्याच्या तोंडावर पानं गाळतात, वाळुंज पावसाळा संपता संपता गाळतो. मग नवी पालवी, तिच्या मागोमाग तुरे, आणि त्यातून कापसासारखे धागे लागलेलं बारीक बी. ते बी फार दिवस जिवंत राहत नाही, त्याला लगेच ओली उघडी जागा लागते. आपल्या ओढ्या-नद्यांचं पाणी तेव्हा उतरणीला असतं, वाळूचे आणि गाळाचे पट्टे उघडे पडत असतात. दोन खंडांतली दोन वेगळ्या कुळांची झाडं, पण दोघांनीही आपलं वेळापत्रक पाणी उतरण्याशी बांधलंय. तिकडे पाणी मे-जूनमध्ये उतरतं, आपल्याकडे सप्टेंबरनंतर. माणसानं काठावर झाड लावायचं तेही याच वेळापत्रकानं. मग पुढच्या जुलैच्या पाण्याला तोंड द्यायला मुळांना पुरते आठ महिने मिळतात.

यावरून बर्च इथं का चालणार नाही हेही लक्षात येईल. त्याचं बी ज्या दिवसांत पिकणार, त्याच दिवसांत आपला ओढा चढायला लागतो. पण त्याआधीच दोन गोष्टी आड येतात. पहिली थंडी. या झाडाला हिवाळ्यात काही आठवडे गोठणबिंदूच्या जवळपासची थंडी लागते, त्याशिवाय त्याच्या कळ्या नीट फुटत नाहीत. कोल्हापुरात जानेवारीतसुद्धा रात्रीचं किमान तापमान सरासरी १४-१५ अंशांच्या आसपास असतं. झाड लगेच मरणार नाही, पण वर्षावर्षाला फूट कमी होत जाईल, शेंडे वाळतील. दुसरी गोष्ट माती. रिव्हर बर्चला आम्ल माती लागते. सामू (पीएच) साडेसहाच्या वर गेला की त्याला लोह मिळत नाही, पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. उसाला केवडा पडतो तेव्हा तुम्ही हेच बघता. तुमच्या भागातल्या काळ्या चुनखडीच्या जमिनीचा सामू साडेसात ते साडेआठ. गगनबावडा, राधानगरीकडची तांबडी माती आम्ल आहे हे खरं, पण थंडी तिकडेही पुरणार नाही.

कुणीतरी तुम्हाला सांगेल की अमेरिकेचा बर्च नको, आपला हिमालयातला भूर्ज आणा. तो आणखी लांबचा पल्ला आहे. ज्याच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहिल्या जात तो भूर्ज साधारण ३,००० मीटरच्या वर, जंगलाच्या शेवटच्या रेषेवर वाढतो. गंगोत्रीच्या पुढचं भोजबासा साधारण ३,८०० मीटरवर आहे. आपल्याकडची सह्याद्रीची धार हजार मीटरच्या आसपास संपते. दक्षिण भारतात बर्चची एकही देशी जात नाही. पाण्याकाठच्या झाडांची आपल्याकडे उणीव नाही, त्यामुळे हळहळायचं कारण नाही.

आणि एक गोष्ट लेकीला आवर्जून सांगा. येताना बॅगेत बी किंवा फांदी आणू नका. भारतात परदेशी झाडं-बियाणं आणण्यावर २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशाचं बंधन आहे. आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र असल्याशिवाय ते आणता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी एका झाडासोबत कोणती बुरशी, कोणती कीड इकडे येईल हे डोळ्यांना दिसत नसतं.

लेकीच्या अंगणातल्या दोन झाडांचं सांगून टाकतो. तिचा मुलूख या झाडाचा मायदेशच आहे, त्यामुळे काम सोपं. आधी मातीचा सामू तपासून घ्यावा. साडेसहाच्या आत असेल तर पुढे जावं, बांधकामाचा चुना-सिमेंट मिसळलेली जागा टाळावी. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली गड्ड्याएवढीच. खोड जिथं पसरून मुळं सुरू होतात तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. रोपवाटिकेतल्या पिशवीत बरेचदा तोच मातीखाली गाडलेला असतो, तेवढी माती आधी बाजूला करावी. वर दोन-तीन इंच लाकडाच्या भुशाचं आच्छादन, खोडाला न टेकवता. पहिले दोन-तीन उन्हाळे आठवड्याला एकदा खोल पाणी. कोरड पडली की हे झाड भर उन्हाळ्यात पिवळी पानं टाकतं, घाबरून खत घालू नये, पाणी द्यावं. छाटणी वसंतात करू नये, जखमेतून पाण्यासारखा रस वाहत राहतो. पानं पूर्ण मोठी झाल्यावर उन्हाळ्यात करावी. घरापासून निदान वीस फूट लांब लावावं, कारण मुळं उथळ पसरतात आणि बारीक काटक्या वर्षभर पडतात. तिला बियांपासून रोपं करायची हौस असेल तर मे-जूनमध्ये तुरे तपकिरी होऊन सुटायला लागले की लगेच ओल्या वाळूवर बी पसरावं, वरून माती टाकू नये, आणि वाळू वाळू देऊ नये. ताज्या बियाला थंडीत ठेवावं लागत नाही.

आता तुमच्या ओढ्याचं, इथं जरा सावकाश वाचा.

काठ कसा ढासळतो हे आधी नीट बघायला हवं. आपल्या भागात दोन प्रकारचं पाणी काठाला लागतं. एक वाहतं, कापणारं. ते वळणाच्या बाहेरच्या बाजूला तळाशी माती खात राहतं. दुसरं फुगवट्याचं. पंचगंगा चढली की भोगावतीचं पाणी पुढे सरकत नाही, ओढे मागं तुंबतात. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही पुरांत ती ५५ फुटांच्या वर गेली होती, म्हणजे तुमच्या शेतात कितीतरी दिवस नुसतं उभं पाणी होतं. त्या पाण्यानं काठ पार भिजून जड होतो, पण पाण्याचा दाब बाहेरून आहे तोवर उभा राहतो. पूर झपाट्यानं उतरला की तो आधार जातो आणि जड झालेली दरड एकदम खाली बसते. बरेच जण पूर चढताना काठाकडे बघत बसतात, पण नुकसान ओसरताना होतं. म्हणून तुम्हाला झाडं अशी हवीत, की तळाशी पाण्याची धार सोसतील, आणि वर बरेच दिवस पाण्यात उभी राहूनही मुळं कुजणार नाहीत.

एकाच झाडानं हे सगळं होत नाही. काठाचे उभ्या दिशेनं तीन पट्टे धरा. तळाचा, हिवाळ्यातल्या पाण्याला लागून असलेला. मधला, उताराचा. आणि वरचा, शेताच्या कडेचा.

तळाच्या पट्ट्यात वाळुंज. पण त्याआधी एक खूण करून ठेवायची. ओढ्याच्या तोंडाशी किंवा खाली नदीवर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल, तर पावसाळा संपल्यावर त्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात आणि पाणी मागं चढतं. तुमच्या वळणापर्यंत तो फुगवटा येतो का, हे गावात कुणाही जुन्या शेतकऱ्याला विचारा. येत असेल तर बरगे घातल्यावर पाणी कुठवर स्थिर होतं ती रेघ काठावर खुंट्या ठोकून आखा. लागवड त्या रेघेच्या अर्धा-एक हात वर. सप्टेंबर अखेरचं उतरलेलं पाणी बघून कुणी त्याला लागून वाळुंजाच्या फांद्यांचे दांडे रोवले, आणि पंधरा दिवसांनी बरगे घातले गेले, की दांडे अख्खा हिवाळा बुडून राहतात. वाळुंज पाण्याचा कितीही प्रेमी असला तरी डोळे पाण्याखाली असलेला दांडा फुटत नाही.

दांडे जवळच्याच ओढ्या-नदीकाठच्या झाडांवरून घ्या, दुसऱ्या जिल्ह्यातून मागवू नका. एकाच झाडाच्या फांद्या सगळीकडे लावल्या तर सगळी झाडं एका साच्याची, एका गुणाची होतात, एक रोग आला की सगळी जातात. पाच-सहा वेगळी झाडं शोधा. वाळुंजात नर आणि मादी झाड वेगळं असतं. तुऱ्याच्या दिवसांत नराचे तुरे पिवळे दिसतात आणि त्यावर मधमाश्या येतात, मादीचे हिरवट असतात आणि पुढे त्यांतून कापूस सुटतो. दोन्ही घ्या, म्हणजे पुढे ओढ्यानं स्वतःच्या मर्जीनं जिथं गाळ टाकलाय तिथं रोपं आपोआप उगवतील. तुम्ही न लावलेली ती रोपं तुम्ही लावलेल्यांपेक्षा चांगली टिकतात, असं मी जवळपास प्रत्येक ओढ्याला बघत आलोय.

फांदी मागच्या वर्षाची, सरळ, अंगठ्याएवढी ते मनगटापेक्षा बारीक. शेंड्याची कोवळी आणि फार जुनी, सालीला भेगा पडलेली नको. लांबी दोन ते अडीच हात. बुडाचा काप तिरका, वरचा सपाट, म्हणजे उलटसुलट होत नाही आणि उलटा लावलेला दांडा लागत नाही. कापल्यावर त्याच दिवशी लावणार नसाल तर बुडं ओढ्याच्या पाण्यात सावलीत ठेवा. एक-दोन दिवस पाण्यात ठेवलेले उलट चांगले लागतात. उन्हात बांधावर टाकलेला दांडा दुपारपर्यंत कामातून जातो.

रोवताना दांडा हातोड्यानं ठोकत बसू नका, साल सोलली जाते आणि मुळं सालीखालूनच फुटतात. आधी पहारेनं भोक पाडा, दांडा त्यात सरकवा, दोन भाग जमिनीत आणि एक भाग वर. मग बाजूची माती पायानं घट्ट दाबा. आत पोकळी राहिली की तिथं हवा खेळते आणि दांडा वाळतो. दांडा हलवून बघा, हलत असेल तर पुन्हा दाबा. वर दोन-तीन डोळे राहिले तरी पुरे. पहारेचं भोक इतकं खोल हवं की बुडाला ओल लागलीच पाहिजे. हाताला माती चिकटते आणि मुठीत दाबली की गोळा होतो तिथवर जा. दांड्यांत दोन हातांचं अंतर, दोन ओळी, एकमेकींच्या मधोमध. हे दाट वाटेल, पण निम्मे मुद्दाम काढायचेच आहेत.

काढायचे म्हणजे असं. वाळुंजाचं मोठं झाड होऊ दिलं, तर जाड खोडाला पुराचं पाणी अडून त्याच्या मागं भोवरा होतो आणि तो भोवराच काठ उकरतो. शिवाय लाकूड ठिसूळ, मोठी फांदी मोडून ओढ्यात आडवी पडली की पाणी बाजूच्या शेतात. म्हणून तळाच्या ओळी दोन-तीन वर्षांनी एकदा पानगळीच्या वेळी गुडघ्याएवढ्या उंचीवर तोडायच्या. बुडातून छडीसारखी लवचीक फूट येते. पुरात ती फूट पाण्याबरोबर आडवी झोपते आणि मातीवर पांघरूण घालते, पाणी गेलं की पुन्हा उभी राहते. तोडलेल्या फांद्या पुढच्या वळणाला लावा, उरलेल्या शेळ्यांना किंवा चुलीला. ओढ्याच्या पात्रात, मधल्या गाळावर मात्र कधीही मुद्दाम लावू नका. अरुंद ओढा अडला की दोष झाडाला लागतो आणि मग पुढच्या वर्षी पोकलेन आणून काठासकट सगळं साफ करतात.

दांडे रोवल्यावर महिन्याभरात फूट दिसेल. ती बघून हुरळून जाऊ नका, ती दांड्यात साठलेल्या अन्नावर आलेली असते. खरी कसोटी जानेवारी ते एप्रिल. तुमचा ओढा मार्चपर्यंत वाहत असेल तर काळजी नाही. डिसेंबरातच आटत असेल तर आठवड्याला एकदा मोटरचं पाणी काठावर सोडा, तेही वरून न शिंपडता दांड्याच्या बुडाशी, संथ. फेब्रुवारीत एखादा दांडा काळजीपूर्वक उकरून बघा. बुडाशी तांबूस, केसांसारख्या मुळांचं जाळं दिसलं आणि ते खालच्या दिशेला चाललेलं असलं, तर झाड लागलं म्हणायला हरकत नाही. मुळं फक्त वरच्या वीतभर मातीत असतील तर तुम्ही पाणी थोडं थोडं आणि वारंवार देताय. अंतर वाढवा, एका वेळी जास्त द्या.

काठाचा दगड-गोट्यांचा भाग असेल तिथं वाळुंजाच्या जोडीला शेरणी लावा. वाहत्या पाण्याच्या मध्यात, खडकांच्या फटींत तग धरणारं ते झुडूप आहे, भर पुरात बुडून राहतं आणि पाणी उतरलं की पुन्हा हिरवं. नर्सरीत सहसा मिळत नाही, ओढ्याच्या वरच्या अंगाला शोधावं लागतं. मधल्या उतारावर निर्गुडी आणि वाळा. निर्गुडी फांदीवर येते, शेळ्या तिला फारसं तोंड लावत नाहीत आणि उतारावर ती पसरून राहते. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, त्याचे ठोंब उताराला आडव्या ओळीत, वीतभर अंतरानं.

वरच्या पट्ट्यात करंज, उंबर, जांभूळ. ही झाडं वाहत्या धारेत नसतात, म्हणून ती पहिल्या पावसानंतर जूनमध्ये लावली तरी चालतात, फक्त रोप कंबरेएवढं तरी असावं. फुगवट्याच्या पाण्यात शेंडा वर राहिला पाहिजे. करंज नदीकाठचंच झाड, शेंगा पाण्यावर तरंगत जाऊन रुजतात, पाला खताला उपयोगी, आणि जनावरं सहसा खात नाहीत. जांभळाचं बी साठवून ठेवू नका, फळ खाल्ल्याच्या आठवड्यात पेरा. एका बियातून बरेचदा दोन-तीन रोपं येतात, सशक्त एक ठेवा. करंज-जांभळात पंधरा फुटांचं अंतर पुरे, उंबराला तीस फूट तरी मोकळे द्या. विहीर, जॅकवेल आणि जमिनीखालची पाइपलाइन यांच्यापासून उंबर आणि वाळुंज दोन्ही लांब. पाण्याच्या वासानं त्यांची मुळं सांध्यात शिरतात.

तुमच्या वळणाची बाहेरची बाजू उभी भिंतीसारखी तुटली असेल, तर नुसते दांडे रोवून ती थांबणार नाही. हे स्पष्ट सांगतो, कारण अशा ठिकाणी झाडं लावून लोक एका पावसात निराश होतात. ती भिंत आधी उतरती करावी लागेल. एक हात उंचीला निदान दीड-दोन हात आडवा उतार. त्यात तुमची आणखी थोडी जमीन जाईल, पण ती तुम्ही ठरवून देताय. न दिल्यास ओढा स्वतः घेईल आणि त्याहून जास्त घेईल. तळाशी, हिवाळ्याच्या पाण्याच्या रेघेपर्यंत, एका माणसाला न उचलवणारे दगड लावा आणि दगडांच्या फटींतून मागच्या मातीत दांडे घाला. उतारावर वाळुंजाच्या ओल्या फांद्यांच्या मांडीएवढ्या जाड मोळ्या काथ्याच्या दोरीनं बांधून, काठाला समांतर उथळ चरांत अर्ध्या पुरा आणि खुंट्यांनी पक्क्या करा. मोळीला जागोजागी पालवी फुटते, दोन चरांमध्ये गाळ अडकतो आणि उतार आपोआप भरत येतो. ओढ्याचं पात्र सरकारी असतं, म्हणून दगडाचं किंवा यंत्राचं काम काढण्याआधी तलाठ्याकडून हद्द बघून घ्या आणि पाटबंधारे खात्याला विचारा. समोरच्या काठाच्या शेतकऱ्यालाही. तुमचा काठ पक्का झाला की पाण्याचा रोख थोडा बदलतो, त्याला अंधारात ठेवून हे काम करू नये.

आता ज्यानं सगळ्यात जास्त झाडं जातात ते. पूर, दुष्काळ, कीड यांच्यापेक्षा आपल्याकडे ओढ्याकाठची लागवड मरते ती उसानं. तोडणीनंतर पाचट पेटवतात, आणि शेवटच्या सरीची आग काठावर उतरते. दोन वर्षांचा वाळुंज अर्ध्या तासात संपतो. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे, निदान ओढ्याकडच्या चार-पाच सऱ्यांचं पाचट पेटवू नका. सरीत कुजवा, खोडव्याला ओल आणि खत दोन्ही मिळतं. दुसरं तणनाशक. उसातल्या रुंद पानांच्या तणांवर मारतात ते टू-फोर-डी वाऱ्यानं काठावर गेलं की वाळुंजाची आणि करंजाची पानं पिळवटतात, फूट थांबते. वारा ओढ्याकडे असेल त्या दिवशी फवारणी टाळा, आणि काठाला लागून दोन-तीन मीटर पट्टा बिनफवारणीचा ठेवा. तिसरं, म्हशी. त्यांना पाण्यात उतरायला वाट हवीच. तुम्ही ठरवून एक वाट ठेवली नाही तर त्या दहा ठिकाणांहून उतरतील. वळणाच्या आतल्या बाजूला, जिथं गाळ साचतो तिथं रुंद वाट मोकळी सोडा, बाकी काठाला दोन वर्षं काट्यांचं कुंपण.

बेशरमीच्या फांद्या कुणी फुकट देऊ केल्या तर घेऊ नका. लवकर वाढते, काठ हिरवा दिसतो, पण एकदा ओढ्यात शिरली की दुसरं काही उगवू देत नाही. सुबाभूळही नको.

शेवटी त्या फोटोतल्या सालीबद्दल. तुम्हाला त्या खोडाचं आकर्षण वाटलं हे तुमच्या पत्रातून जाणवतं, आणि ते मला अगदी पटतं. खोड हेच ज्याचं सौंदर्य अशी झाडं आपल्याकडे आहेत, आपण त्यांच्याकडे बघत नाही. राधानगरी, आंबा या बाजूच्या जंगलात नाणा वाढतो. गुळगुळीत, पांढरट खोड, आणि कागदासारखे पापुद्रे सुटतात. अर्जुनाचं खोडही फिकट, मोठ्या चपट्या ढलप्यांनी साल टाकतं, आणि नदीकाठ ही तर त्याची आवडती जागा. तुमच्या वरच्या पट्ट्यात, घराच्या वाटेकडून दिसेल अशा ठिकाणी, अर्जुन नक्की लावा. नाण्याचं रोप मिळालं तर शेताच्या उंच, पाणी न साचणाऱ्या कोपऱ्यात. तुमच्याकडे जंगलाएवढा पाऊस नाही, म्हणून पहिली काही वर्षं उन्हाळ्यात पाणी द्यावं लागेल.

सध्या एवढंच करा. या पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं आणि कोणत्या दिवशी किती उतरतं याच्या खुणा बांधावरच्या एखाद्या झाडावर रंगानं करत जा. वाळुंजाची पाच-सहा झाडं आत्ताच हेरून ठेवा, पानं असताना ती ओळखायला सोपी जातात. मग गणपती होऊन पाणी खाली गेलं, की वळणाचा समोरून एक, वरून एक असे दोन फोटो आणि ओढा कोणत्या महिन्यात आटतो एवढं कळवा. त्यावरून दांडे किती लागतील, मोळ्या कुठं बांधायच्या आणि दगड लागतील की नाही, हे मला नेमकं सांगता येईल.